‘सध्या काय वाचता?’ : शिफारस, श्रवण आणि मराठी वाचनव्यवहार

१

दोन वाचनप्रेमी माणसे भेटली की कुशल विचारून झाल्यावर ‘सध्या काय वाचता?’ हा प्रश्न येतोच. अलीकडे त्याला ‘की ऐकता?’ अशी पुस्ती जोडली जाते. वाङ्मयाच्या अभ्यासाने या प्रश्नाची फारशी दखल घेतलेली नाही. समीक्षा, परीक्षण, ग्रंथपरिचय यांचा विचार झाला. परंतु एका वाचकाने दुसऱ्याच्या कानी ‘हे वाचा’ म्हणून घातलेला शब्द हा शिळोप्याच्या गप्पांचा भाग समजून आपण बाजूला ठेवला. वस्तुतः बहुसंख्य पुस्तके बहुसंख्य वाचकांपर्यंत पोहोचतात ती या तोंडी शिफारशीनेच. कोणत्याही ग्रंथालयातील देवघेवीच्या टेबलाजवळ तासभर उभे राहिल्यास याची खात्री पटते.

प्रस्तुत लेखाचे निमित्त मात्र वेगळे आहे. काही काळापूर्वी एम. ए.च्या तोंडी परीक्षेत अभ्यासक्रमातील एका कादंबरीविषयी एक विद्यार्थिनी अतिशय समरसून बोलत होती. निवेदकाचा उपरोध, त्याचे थांबणे, मध्येच येणारा कडवटपणा हे सारे तिने नेमके टिपले होते. एका विशिष्ट प्रकरणातील परिच्छेद काढून दाखवण्यास सांगितले, तेव्हा तिला पाने सापडेनात. कादंबरी वाचली आहे ना, असे विचारल्यावर ती म्हणाली, “सर, पूर्ण ऐकली आहे. दोनदा.” सहपरीक्षकांचे मत असे पडले की, ही कादंबरी तिने वाचलेली नाही आणि गुण त्या हिशेबाने द्यावेत. त्या वेळी मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याविषयी पुढे जी शंका येत राहिली, तिचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

मांडावयाचा मुद्दा थोडक्यात असा : मराठीत ग्रंथाची शिफारस आणि ग्रंथाचे श्रवण यांचा संबंध फार जुना आहे. मधली शे-दीडशे वर्षे मूकवाचनाने तो झाकला गेला होता. आज श्राव्य पुस्तकांमुळे तो पुन्हा उघड झाला आहे. परंतु ‘हे ऐका’ असे सांगताना आपण संहितेची शिफारस करतो आहोत की तिच्या एका विशिष्ट वाचनाची, हा भेद आपण करीत नाही. तो केल्यावाचून त्या विद्यार्थिनीला न्याय देता येत नाही.

२

‘वाचन’ या शब्दाच्या मुळाशी ‘वाच्’ म्हणजे बोलणे आहे, याची आठवण वर्गात आपण सारेच करून देतो आणि लगेच विसरतो. मराठीत ‘मनात वाचणे’ असे वेगळे सांगावे लागते, हे लक्षणीय आहे. पोथी वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही रचना मराठी वाङ्मयाच्या प्रारंभापासून केवळ ग्रंथप्रसाराची नव्हे, तर ग्रंथनिर्मितीचीही आहे.

शके १२१२ मध्ये नेवाशाला सिद्ध झालेली ‘ज्ञानेश्वरी’ हे याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. परंपरा असे सांगते की, ज्ञानदेवांनी निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. ही परंपरा बाजूला ठेवली तरी संहितेतील श्रोता बाजूला ठेवता येत नाही. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांजवळ अवधान मागतात आणि ते मागणे उद्धटपणाचे वाटू नये म्हणून थोरांपुढे बोलणाऱ्या लेकराची भूमिका घेतात. विवेचन लांबले की श्रोत्यांची अपेक्षा जाणून ते मूळ विषयाकडे वळतात. हा श्रोता निष्क्रिय नाही. त्याच्या लक्ष देण्याने बोलणे फुलते, अशी ज्ञानदेवांची श्रद्धा आहे. आज कानांत यंत्र घालून आगगाडीत बसलेल्या श्रोत्याला नेमका हाच अधिकार नाही. तो निवेदकाला थांबवू शकतो, दीडपट वेगाने पळवूही शकतो. परंतु त्याच्या अवधानाने निवेदन रेसभरही बदलत नाही. श्राव्य पुस्तकाने मौखिक परंपरा परत आणली, असे जे उत्साहाने म्हटले जाते, त्याला ही मोठी मर्यादा आहे.

‘लीळाचरित्रा’चा दाखला याहून सूक्ष्म आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या, त्यांना गाठून गोळा केल्या. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर स्मरणातून तिची पुनर्रचना झाली आणि निरनिराळे पाठ निर्माण झाले. ‘हिराइसेचा पाठ’ असा जेव्हा उल्लेख होतो, तेव्हा ग्रंथाला ज्या मुखातून तो आला, त्या मुखाचे नाव चिकटलेले असते. महानुभावांनी पाठभेदाकडे दोष म्हणून पाहून तो पुसून टाकला नाही. कोणाच्या स्मरणातून काय आले, हे नोंदवून ठेवले. ऐकलेल्या ग्रंथाची ही शिस्त आपण पुढे गमावली, असे मला वाटते. त्याकडे शेवटी वळू.

आता शिफारशीकडे. जुन्या मराठी ग्रंथांत शिफारशीला एक निश्चित रूप होते : फलश्रुती. ‘गुरुचरित्र’ घ्या किंवा श्रीधरांचे ‘शिवलीलामृत’ घ्या. हा ग्रंथ जो वाचील, जो ऐकेल, त्याला काय प्राप्त होईल, हे ग्रंथ स्वतःच सांगतो. फलश्रुतीचा विचार आपण धार्मिक संकेत म्हणून करतो आणि सोडून देतो. वाङ्मयव्यवहाराच्या दृष्टीने पाहता तिच्यात दोन गोष्टी लक्षात येतात. एक, वाचणारा आणि ऐकणारा यांच्यात ती सहसा तरतमभाव करीत नाही. दोन, ती ग्रंथ सुंदर आहे असे सांगत बसत नाही. तुमचे काय होईल, ते सांगते. श्रीधरांनी १७०२ मध्ये ‘हरिविजय’, १७०३ मध्ये ‘रामविजय’, १७१२ मध्ये ‘पांडवप्रताप’ आणि १७१८ मध्ये ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले. चातुर्मासात देवळात, वाड्याच्या पडवीत हे ग्रंथ जितके ऐकले गेले, तितके क्वचितच दुसरे मराठी ग्रंथ ऐकले गेले असतील. त्यांतही ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय तेवढा नित्य म्हणण्याची प्रथा घरोघर रूढ झाली. अख्ख्या ग्रंथातून नेमके काय उचलावे, हे समीक्षकाने नव्हे, तर एकीने दुसरीला सांगत सांगत ठरवले. शिफारशीचे इतके यशस्वी उदाहरण आधुनिक प्रकाशनव्यवसायालाही हेवा वाटावा असे आहे.

आज परस्परांना पुस्तके सुचवताना आपण जे बोलतो, ते याच फलश्रुतीचे लौकिक रूप नाही काय? ‘रात्रभर खाली ठेवता आले नाही’, ‘फार अस्वस्थ झालो’, ‘आजारपणात याच पुस्तकाने तारले’ या साऱ्या विधानांत पुस्तकाचे वर्णन नाही, फळाचे आहे. श्राव्य पुस्तकाच्या बाबतीत तर ‘प्रवास कसा सरला, कळलेच नाही’ हे फळ सर्वाधिक सांगितले जाते. सात दिवसांच्या पारायणापासून पुणे-मुंबई प्रवासापर्यंत फलश्रुतीची ही घसरण गमतीची आहे खरी. पण तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. परीक्षणकर्ता पुस्तकाविषयी बोलतो आणि शिफारस करणारा स्वतःविषयी बोलतो. म्हणूनच आपण परीक्षण वाचतो आणि विश्वास मात्र मित्रावर ठेवतो.

३

मुद्रणाने मूकवाचन आणले, हे सर्वश्रुत आहे आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आणि मुंबईचे १८९८चे. या संस्थांनी शिफारशीचे स्थळ देवळातून वाचनालयात आणले. शिफारस करणारा आता पुराणिक नव्हे, तर ग्रंथपाल झाला. पुढे ती छापली जाऊ लागली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकाने ग्रंथव्यवहार हाच आपला विषय केला आणि त्यातील जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ने साहित्यिकांविषयीच्या गप्पांना वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. १९७४च्या अखेरीस उभ्या राहिलेल्या ‘ग्रंथाली’ने तर वाचकांची चळवळ हेच नाव घेतले, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये याच चळवळीतून आले. जे पुस्तक रूढ अभिरुचीला सहज पचणारे नव्हते, ते वाचकांच्या जाळ्यामुळे दूरवर गेले. तोंडी शिफारस ही नेहमीच रंजनाच्या बाजूने झुकते, या समजाला हा मोठा अपवाद होय.

मूकवाचनाच्या या कालखंडातही श्रवणाचा आकृतिबंध संहितेच्या पोटात टिकून राहिला. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची प्रकरणे म्हणजे ‘रात्री’ आहेत. श्याम सांगतो, आश्रमातील सोबती ऐकतात. वाचक एकटा, मनात वाचत असला तरी त्याला त्या सोबत्यांमध्ये बसवले जाते. हे पुस्तक घरोघर मोठ्याने वाचले गेले यात नवल नाही. त्याची बैठकच तशी आहे.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आवाज परत आला, तो तीन वाटांनी. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि १९५५-५६ मध्ये त्यावरून ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते वर्षभर प्रसारित झाली. दुसरी वाट कथाकथनाची. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथा सांगितल्या. ग्रामीण कथेचा एक मोठा श्रोतृवर्ग असा होता की, ज्याने या कथा छापील स्वरूपात कधी पाहिल्याच नाहीत. त्यांना या कथांचे वाचक म्हणावे की नाही, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडल्याचे दिसत नाही. तिसरी वाट ध्वनिमुद्रणाची. आणि येथे पु. ल. देशपांडे यांचा विचार अपरिहार्य आहे.

‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील ‘अंतू बर्वा’ आज ज्याने पुलंच्या आवाजात ऐकला आहे, त्याला तो मनातल्या मनात दुसऱ्या आवाजात वाचून पाहावा असे सुचवावेसे वाटते. ते जवळजवळ अशक्य आहे. लेखकाच्या आवाजाने संहितेवर असा ताबा मिळवला आहे की, छापील पान हे ध्वनिफितीचे स्मरणपत्र बनले आहे. याचा लाभ उघड आहे : रत्नागिरीच्या बोलीतील तिरकसपणा विदर्भातल्या श्रोत्यालाही जसाच्या तसा पोहोचला. हानी सहसा बोलून दाखवली जात नाही. या व्यक्तिचित्राच्या उत्तरार्धातील विषण्णता सावकाश, स्वतःच्या गतीने वाचणाऱ्याला जितकी जाणवते, तितकी सभागृहातील हशाच्या पाठोपाठ येताना जाणवते काय? माझ्यापुरते उत्तर नकारार्थी आहे. ज्यांनी आधी वाचले आणि मग ऐकले, त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. परंतु अशा वाचकांची पिढी आता वयस्कर झाली आहे.

स्वीडनमधील ‘स्टोरीटेल’ ही कंपनी २०१७च्या अखेरीस भारतात आली, तेव्हा इंग्रजी व हिंदीबरोबर मराठीचाही आरंभापासून समावेश होता. त्याआधी मराठीत श्राव्य पुस्तकांचे प्रयत्न झालेले होतेच. जगाच्या पाठीवर या प्रकाराची सुरुवात रंजनासाठी झालेली नाही, हे येथे सांगितले पाहिजे. १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये अंधांसाठी जी ‘बोलती पुस्तके’ तबकड्यांवर आली, त्यांच्या प्रेरणेत पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता. वाचकाने अभिनय करावा की सपाट वाचून अर्थ ऐकणाऱ्यावर सोडावा, हा वाद जवळजवळ त्या तबकड्यांइतकाच जुना आहे. अंध वाचकांपैकी अनेकांना नाटकीपणा नको होता, कारण त्यांना पुस्तक हवे होते, प्रयोग नव्हे. ‘ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे’ असे ठामपणे म्हणणाऱ्यांनी या वाचकांना काय उत्तर द्यायचे, ते आधी ठरवावे.

५

मराठी संहिता मोठ्याने वाचताना वाचकाला ज्या निवडी कराव्या लागतात, त्यांचा विचार केल्यास प्रश्न अधिक नेमका होतो. छापील मराठीत ‘त्याने सांगितले’ असे असते. बोलताना आपण ‘सांगितलं’ म्हणतो. प्रमाणलेखनाने औपचारिक लेखनासाठी एकारान्त रूप ठेवले आणि अनुस्वारयुक्त रूप बोलण्याच्या लेखनापुरते राखले. मूकवाचकाला ही अडचण नाही. त्याचा डोळा ‘सांगितले’ पाहतो आणि मन हवे ते ऐकते. मोठ्याने वाचणाऱ्याला मात्र प्रत्येक वाक्याला निर्णय घ्यावा लागतो. ‘सांगितले’ म्हटले तर निवेदन पुस्तकी होते, ‘सांगितलं’ म्हटले तर घरगुती होते. हा केवळ उच्चाराचा प्रश्न नाही. निवेदक आणि वाचक यांच्यातील अंतर किती, याचा तो निर्णय आहे.

ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. तिची वाक्ये एकारान्त रूपांनी वाचली तर ती लेखिका होते. अनुस्वाराने वाचली तर माजघरात शेजारी बसलेली बाई होते. ही कादंबरी स्त्रीने वाचावी की पुरुषाने, हा तर त्याहून मूलभूत प्रश्न. पुरुष लेखकाने स्त्रीचा आवाज घेतला आहे, ही जाणीव मूकवाचनात मागेपुढे होत राहते. कधी आपण यमूला ऐकतो, कधी हरिभाऊंना. स्त्रीचा आवाज ध्वनिमुद्रित झाला की हरिभाऊ नाहीसे होतात. पुरुषाचा झाला तर यमू संशयास्पद होते. संहितेने जे संदिग्ध ठेवले, ते आवाज ठेवू शकत नाही.

याच्या उलट बाजूही आहे. देवनागरी लिपी मराठीच्या च, ज, झ या वर्णांचे दोन उच्चार वेगळे दाखवत नाही. दुनियेचे ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा देणारे ‘जग’ पानावर सारखेच दिसतात. मग बोलीतील हेल, स्वरांची लांबी, वाक्याच्या शेवटी येणारी ओढ यांची तर बातच नको. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) वर्षानुवर्षे शिकवताना माझा असा अनुभव होता की, पश्चिम महाराष्ट्रातील विद्यार्थी कौतिकचे दुःख समजून घेतात, पण तिचे बोलणे ओलांडून जातात. एका वर्षी वर्गात अमरावतीकडील एक विद्यार्थी होता. त्याला कौतिकचे संवाद वाचावयास सांगितले. पहिल्या पानावर वर्ग हसला, दुसऱ्या पानावर हसू थांबले. ज्या ओळी मी कारुण्याचा नमुना म्हणून शिकवत असे, त्यांत चिडही आहे, टोमणाही आहे, हे मला त्या दिवशी कळले. पंधराएक वर्षे मी ती कादंबरी पुण्याच्या कानाने वाचत होतो. येथे आवाजाने संदिग्धता नाहीशी केली नाही; लिपीने गिळलेला अर्थ परत दिला.

म्हणजे आवाज कधी संहितेपासून काढून घेतो, कधी तिला भर घालतो. कोणत्या वेळी काय, हे ठरवण्यासाठी दोन गोष्टी लागतात : छापील पानाशी ताडून पाहणे आणि वाचणाऱ्याचे नाव. आपण जेव्हा एखादे श्राव्य पुस्तक सुचवतो, तेव्हा लेखकाचे नाव सांगतो, पुस्तकाचे सांगतो. वाचणाऱ्याचे क्वचितच सांगतो. अनुवादित पुस्तकाविषयी बोलताना अनुवादकाचे नाव गाळणे आता आपल्याला खटकू लागले आहे. वाचणाऱ्याचे गाळणे अजून खटकत नाही. महानुभावांना ते खटकले असते.

६

त्या तोंडी परीक्षेकडे परत येतो. विद्यार्थिनीला परिच्छेद सापडला नाही, ही उणीव खरी. ऐकणाऱ्याला मागे जाणे अवघड असते. दोन दूरची पाने शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. परिच्छेद कोठे तुटतो, लेखकाने ओळ कोठे मोकळी सोडली, हे कळत नाही. कादंबरीच्या रचनेचा अभ्यास पानावाचून होणार नाही, हे मत आजही कायम आहे. परंतु निवेदकाच्या उपरोधाविषयी ती जे बोलली, ते पुस्तक ‘वाचून’ आलेल्या इतर परीक्षार्थींपैकी एकालाही सांगता आले नव्हते. त्यांतील बऱ्याच जणांनी बाजारातील मार्गदर्शिका वाचली होती, हा भाग वेगळा. तिला विचारायला हवा होता तो प्रश्न आम्ही विचारलाच नाही. हा उपरोध लेखकाचा की वाचणाऱ्याचा, आणि हे तुम्ही कशावरून ठरवाल? या प्रश्नाला तिने उत्तर दिले असते तर ती उत्तम अभ्यासक ठरली असती. दिले नसते तर आमच्या निर्णयाला काही आधार मिळाला असता.

तेव्हापासून वर्गात एक साधा प्रयोग करतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३)चे पहिले पान दोन विद्यार्थ्यांना, एकमेकांचे न ऐकता, तयार करून मोठ्याने वाचावयास सांगतो. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द पांडुरंग सांगवीकर कसे उच्चारतो, येथे हमखास मतभेद होतो. गेल्या वर्षी एकाने ते थट्टेने उडवले. दुसरीने प्रत्येक ‘उदाहरणार्थ’च्या आधी किंचित थांबून, जणू पुढचे बोलणे अवघड जात आहे, अशा रीतीने वाचले. वर्गात दोन तट पडले. तास संपल्यावरही काही जण पुस्तक उघडून व्हरांड्यात उभे होते आणि एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता, “तू एकदा वाच, पण तिच्यासारखं थांबून वाच.”